बँडवाल्याच्या दमाची चाचणी

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी कोल्हापुरात मुलींच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते. दहा वर्षं शिट्टी, लेझीम, खो-खो आणि पंधरा ऑगस्टचं संचलन केल्यावर मला एका प्रशिक्षणाला पाठवलं. पाठवलं म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि "शनिवार-रविवार तुमचेच जाणार आहेत, शाळेचे नाही," एवढं सांगितलं. विषय होता, प्रौढ माणसांची शारीरिक क्षमता मोजणं आणि त्यांना झेपेल असा एरोबिक व्यायाम ठरवून देणं. मला तो हवा होता. शाळा सुटल्यावर हॉलमध्ये बायकांसाठी वर्ग काढायचं माझ्या मनात होतं आणि कागदाशिवाय संस्था हॉल देणार नव्हती.

शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले होते. एरोबिक या शब्दाला ते 'दमाचा व्यायाम' म्हणायचे आणि पुढे जायचे. "जोर काढणं म्हणजे ताकद. दम म्हणजे फुप्फुस, हृदय आणि पाय यांचं एकमेकांशी जमणं. तुमच्या गावात ताकद मोजणारे गल्लोगल्ली आहेत, दम मोजणारा एक नाही," असं त्यांनी पहिल्याच तासाला सुनावलं. चाचणी साधी होती. फूटभर उंचीचा लाकडी बाक. वर-वर, खाली-खाली, मिनिटाला चोवीस चढउतार, असं तीन मिनिटं. मग खाली बसवायचं आणि लगेच एक मिनिट नाडी मोजायची. वय बघून तक्त्यात तो आकडा शोधला की माणसाची क्षमता चांगली, मध्यम की कमी ते कळायचं. चढउतार एका लयीत व्हावेत म्हणून मेट्रोनोम लागायचा. घड्याळासारखं टिकटिक करणारं ते यंत्र आम्हा अठराजणांत एकच होतं. ते पाळीपाळीनं घरी न्यायचं.

प्रत्येकानं तिशीवरची पाच माणसं गाठायची, त्यांची चाचणी घ्यायची, व्यायाम लिहून द्यायचा आणि आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायचं, असं प्रात्यक्षिक होतं. माणसं मिळण्यात अडचण नव्हती. अडचण होती ती त्यांना थांबवण्यात. "त्रास झाला तर थांबा म्हणा," असं आधी सांगायचा नियम होता. कोल्हापुरात थांबा कोण म्हणतो? माझे दीर सरकारी कचेरीत कारकून. दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या ओठांचा रंग बदलला तरी ते "अजून चार मिनिटं लाव की," म्हणत होते, कारण दारात शेजारचे दोघे बघायला उभे होते. मी स्वतःच त्यांना बाकावरून उतरवलं. जाऊबाईंनी अर्जातल्या 'व्यायाम करता का' या प्रश्नाला "नाही" असं उत्तर दिलं आणि दोन मजले पाणी वर नेण्याच्या सवयीवर पहिला नंबर काढला. दिरांनी त्याच प्रश्नाला "रोज" असं लिहिलं होतं. ते रोज पेपर आणायला कोपऱ्यापर्यंत जायचे.

चार माणसं झाली. पाचवा स्वतःहून आला.

शाळेची हजेरीपत्रकं आणि दाखल्यांची रजिस्टरं बांधून देणारे एक चाचा होते. वय बावन्न. पावसाळ्यात बाइंडिंग करायचे आणि लग्नसराईत एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या लेखी बाइंडिंग हे पोटासाठी होतं आणि माणूस म्हणून ते क्लॅरिनेटवाले होते. त्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, तीन आठवडे दवाखान्यात काढले. दिवाळीच्या सुट्टीत ते शाळेत आले तेव्हा खांद्यांवर कोट लोंबत होता.

"बाई, तुम्ही माणसाचा दम मोजताय म्हनं."

"मोजते. दवाखान्याचा कागद आहे का?"

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. फुप्फुसं साफ, हिंडायफिरायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

"मग माझा कागद कशाला?"

"बँडच्या मालकाला ह्यो चालत न्हाय. मालक म्हनतो, डॉक्टर आजार गेला म्हनतोय, तू वाजवशील असं कुठं म्हनतोय?"

मालकाचं चूक नव्हतं. आदल्या वर्षी त्यांचा एक वाजवणारा मिरवणुकीत मध्येच खाली बसला होता. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला की मांडवात पोचेपर्यंत बँड थांबायचा नाही, थांबला तर अपशकुन, असं आमच्याकडे मानतात. मुलीकडच्यांनी मालकाला त्या दिवशी काय काय ऐकवलं ते गावभर झालं होतं. आता तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, त्यानंतर सराई सुरू. मालकानं कोडोलीचा एक क्लॅरिनेटवाला बघून ठेवला होता. चाचांचा कागद शुक्रवारपर्यंत आला नाही तर पहिल्या क्लॅरिनेटची जागा कोडोलीवाल्याला जाणार होती. एकवीस वर्षं ती जागा चाचांची होती.

मेट्रोनोम माझ्याकडे रविवारी यायचा होता. मी तसं सांगितलं.

चाचा हसले. "लय धरायला यंत्र? बाई, अख्खा बँड माझ्या पायावर चालतोय. तुम्ही फकस्त मिनिटं सांगा."

मला ते पटलं. तीस वर्षं तालावर चालणारा माणूस मिनिटाला चोवीस चढउतार धरू शकणार नाही तर कोण धरणार? मी एकदा टाळीनं गती दिली, त्यांनी ती बरोबर उचलली, मान हलवली आणि बाकावर चढले. तोंडानं बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होते. मी एक डोळा स्टॉपवॉचवर आणि एक त्यांच्या चेहऱ्यावर ठेवला. चढउतार मोजले नाहीत. तीन मिनिटं झाली, बसवलं, मनगट धरलं. नाडी बोटांखाली धावत होती. मिनिटाला एकशे चव्वेचाळीस.

"दम लागला?"

"न्हाय," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द बोलायला त्यांना वेळ लागला.

तक्त्यात बावन्न वयासमोर तो आकडा अगदी तळाला होता. मी कागदावर 'क्षमता कमी' असं लिहिलं, खाली सही केली आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी घातली. मालकाकडे स्वतः नेऊन दिला. नेला नसता तरी जागा जाणारच होती, पण कागद लपवणारा तो माणूस नव्हता. शनिवारी कोडोलीवाल्याला निरोप गेला.

पुढच्या वर्गात सरांनी माझा नोंदींचा तक्ता बघितला आणि एका रिकाम्या रकान्यावर पेन्सिल ठेवली. प्रत्यक्ष झालेले चढउतार किती, हा तो रकाना होता.

"वाजवणारे आहेत, लय पक्की आहे," मी म्हणाले.

"असेल," सर म्हणाले आणि तक्ता तसाच परत दिला. त्यांची रागवायची ही पद्धत होती. मला त्या वेळी ते उगाच काटेकोर वाटले.

मार्गशीर्षात एका सकाळी आठवीच्या मुली मैदानावर धावत होत्या आणि मी फाटकाशी स्टॉपवॉच घेऊन उभी होते. समोरच्या मारुतीच्या देवळातून नवरदेव निघाला. बँड चाचांचाच होता, पुढे कोडोलीवाला. ठोके मोजायची मला तोवर खोड लागली होती. माणसाची नाडी, मुलींची पावलं, नळाचं टिपकणं, काही दिसलं की मी मोजायची. ढोल मोजला. मिनिटाला शहाण्णव. एका चढउताराला चार पावलं धरून मेट्रोनोमचा काटा आम्ही ज्या आकड्यावर लावायचो तोच. मला बरंच वाटलं. मिरवणूक कोपऱ्यावरच्या मांडवाकडे सरकली. मांडवाच्या दारात भटजी उभे राहून मनगटावरचं घड्याळ दाखवत होते, पोरं नाचायची थांबत नव्हती, आणि मुहूर्त गाठायचा म्हणून बँडनं चाल वाढवली. मी पुन्हा मोजलं. एकशे चौतीस. कुणी कुणाला खूण केली नव्हती. सगळ्यांचे पाय आपोआप उचलले जात होते.

मुली दोन फेऱ्या जास्त धावल्या, कारण शिट्टी वाजवायचं मी विसरले.

चाचांनी बाकावर काय केलं होतं ते मला आता दिसत होतं. सुरुवात बरोबर केली आणि तिसऱ्या मिनिटाला मांडव जवळ आला. त्यांना स्वतःला ते कळलंही नसणार. मी मोजलं असतं तर मला कळलं असतं. मी चोवीस चढउतारांचा तक्ता घेऊन बसले होते आणि त्यांनी शेवटी शेवटी तीसच्या वर केले असतील. तो आकडा तक्त्यात बघायचाच नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. चाची दारात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अशा गोष्टी बसून सांगितल्या की लांबतात.

चाचींनी ताट बाजूला ठेवलं. "म्हंजे ह्यांची जागा गेली ती तुमच्यामुळं?"

"हो."

"आन् ते तुम्ही असं घरात येऊन सांगताय?"

"कुठं सांगू मग?"

चाची आत तोंड करून म्हणाल्या, "ऐकलं का? बाई म्हनत्यात, तुम्ही न्हाय चुकला, त्या चुकल्या. चा टाकू का?"

चाचा बाहेर आले. ते चिडले नाहीत, त्यांना वेगळंच लागलं होतं. "म्या लय वाढवली म्हनता?"

"वाढवली."

"तीन मिनिटांत?"

"तीन मिनिटांत."

"हे बँडात कुणाला सांगू नका, बाई," ते म्हणाले. जागा गेल्यापेक्षा त्यांना ते जास्त झोंबलं.

रविवारी मी मेट्रोनोम घेऊन गेले. चाचांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "मुडदा हाय ह्यो. हालतोय, पर जीव न्हाय." तरी त्याच्या टिकटिकीवर चढले. या वेळी मी एकेक चढउतार मोजला आणि शेवटी बहात्तर भरले तेव्हाच स्टॉपवॉच थांबवलं. नाडी एकशे सोळा. तक्त्यात मध्यम. आजारातून उठलेल्या माणसाला हे वाईट नव्हतं.

पण मध्यम म्हणजे काय? मेट्रोनोमच्या गतीनं, हात मोकळे सोडून, तोंड बंद ठेवून मध्यम. त्यांचं काम तसं नव्हतं. मी सरांकडे गेले. ते आम्हाला नेहमी सांगायचे, चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर चाल जास्त झाली आणि गाणं म्हणता येत असेल तर कमी पडली. मी म्हणाले, "सर, हा माणूस त्या गतीला चालतो आणि वर गाणं म्हणतो. तेच त्याचं काम आहे."

सर म्हणाले, "मग बाकाला विचारू नका. त्याच्या कामाला विचारा. आठ आठवड्यांनी त्याला काय करता यायला हवं ते आधी लिहा आणि तिथून मागे या."

मी मागे आले. पहिले तीन आठवडे नुसतं चालणं, आठवड्यातून पाच दिवस, सकाळी, रंकाळ्याच्या काठानं. दोनशे वीसमधून वय वजा केलं, त्यातून त्यांची नाडी मिनिटाला एकशे दहा ते एकशे चौतीस ठेवायची असं ठरवलं, म्हणजे दहा सेकंदांत अठरा ते बावीस. नाडी धरायला शिकवायला मी दहा मिनिटं काढून ठेवली होती. त्यांना एक मिनिट लागलं. "ही केरव्याच्या तालात हाय," ते म्हणाले आणि लगेच मोजायला लागले. चौथ्या आठवड्यापासून शेवटची दहा मिनिटं चाल वाढवायची, मग सावकाश उतरवायची. सहाव्यापासून क्लॅरिनेट बरोबर घ्यायचं आणि चालता चालता एकेक सूर लांबवायचा.

मधे पौष आला. पौषात लग्नं नसतात. बँड घरी बसला आणि आम्हाला एक महिना मिळाला.

मी त्या पाचही दिवशी तिथे जायची. मायेनं नाही, नाडीचा आकडा त्यांनी सांगितलेला मला नको होता म्हणून. एकदा हात पोळल्यावर मी कुणाच्या सांगण्यावर काही लिहीत नव्हते. सहाव्या आठवड्यात रंकाळ्यावर क्लॅरिनेट वाजायला लागलं तेव्हा फिरायला येणाऱ्यांना विषय मिळाला.

"चाचा, नवरा कुठाय?"

"मागनं येतोय. तुमच्यासारखंच पोट सुटलंय, म्हनून वेळ लागतोय."

"आन् ह्या बाई कोन? करवली?"

"ह्या मोजनी खात्याच्या हायत. गप चाला, न्हायतर तुमचंबी मोजतील."

त्या विचारणाऱ्या गृहस्थांनी पुढचे दोन आठवडे आमच्या मागूनच फेरी मारली. त्यांची चाल सुधारली.

माघातल्या लग्नांच्या आधी मी मालकांना भेटायला गेले. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबोडी खोली, भिंतीला खुंट्यांवर लाल कोट, खाली ढोल. चाचांना मी बरोबर नेलं नव्हतं.

मालकांनी माझा नवा कागद आणि जुना कागद शेजारी शेजारी ठेवले. जुना त्यांनी जपून ठेवला होता.

"बाई, ह्याच्यावर सही कुनाची?"

"माझी."

"आन् ह्याच्यावर?"

"माझीच. पहिला चुकीचा आहे. चूक त्यांची नाही, माझी."

"बरं. मग उद्या तिसरा आनशीला आन् म्हनशीला दुसरा चुकीचा."

"तिसरा आणणार नाही. तुम्ही कागदावर जाऊ नका. त्यांना एका मिरवणुकीत घ्या आणि डोळ्यांनी बघा."

मालकांनी कागदांची घडी करून ढोलाखाली सरकवली. "कोडोलीवाल्याला मी सराईभर शब्द दिलाय. त्याला काय सांगू? बाईंचं गनित चुकलं?"

त्यांनी मला चहा दिला, मी प्याले आणि निघाले. दाराशी ते म्हणाले, "दशमीला दोन लग्नं एका मुहूर्तावर हायत. दुसऱ्या लग्नाला मानूस लागंल. तेवढंच बघतो."

दशमीला मी रजा टाकली. मिरवणूक लांब होती, देवळापासून मांडवापर्यंत तीन वळणं. मी कडेनं चालत होते, हातात स्टॉपवॉच. पहिलं वळण शहाण्णव, दुसरं एकशे दहा. तिसऱ्या वळणावर मांडव दिसला, भटजी दारात, आणि ढोल सुटला. मी चाचांच्या पाठीकडे बघत होते. कोट अजूनही थोडा ढिला होता. ते खाली बसले असते तर त्या बँडमध्ये काय, गावात कुठल्याच बँडमध्ये त्यांना पुन्हा उभं केलं नसतं. ते मला माहीत होतं, त्यांनाही.

ते बसले नाहीत. मांडवाच्या दारात शेवटचा सूर तोडला, क्लॅरिनेट काखेत धरलं आणि भिंतीला टेकले. मी मनगट धरलं. एकशे छप्पन्न. तीन मिनिटांनी एकशे आठ. खाली येण्याचा तो वेग पाहून मला कळलं, दम परत आला होता.

पण मला आणखी एक गोष्ट दिसली होती. "तिसऱ्या वळणानंतर तुम्ही ओळ सोडून ओळ वाजवत होता."

चाचांनी आजूबाजूला बघितलं. "तवा क्लॅरिनेट कुनाला ऐकू येतंय, बाई? नुसता ढोल. एकवीस वर्षं उगाच फुकत होतो."

हे कुठल्याही तक्त्यात बसत नव्हतं. मी ते प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहिलं. सरांनी त्याखाली रेघ मारली, बरी की वाईट ते सांगितलं नाही. मला प्रमाणपत्र मिळालं आणि हॉलही.

त्या दिवशी मालक मांडवाच्या मागच्या बाजूला लग्नाच्या गडबडीत उभे होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "चाललं. घेतो. पर दुसरा क्लॅरिनेट म्हनून. पहिला कोडोलीवालाच ऱ्हानार. मी शब्द फिरवत न्हाय."

दुसरा म्हणजे मागच्या रांगेत, आणि फोटो काढताना कडेला. चाचा पुढे सहा सराया वाजवत होते आणि सहाही दुसरेच राहिले. कोडोलीवाला चांगला वाजवायचा, त्याला काढायचं काही कारण नव्हतं. माझ्या एका रिकाम्या रकान्यानं एवढं झालं आणि ते मला भरून देता आलं नाही. मी त्यावर रडत बसले नाही, पण विसरलेही नाही.

एकदा जूनमध्ये ते नव्या रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन शाळेत आले. मी मोकळी होते, म्हणून विचारलं. त्यांनी गती वाढवली होती हे मी बँडमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्यांची जागा कुणामुळे गेली, हे त्यांनी कुणाला सांगितलं का?

"सांगितलं की," चाचा गठ्ठा टेबलावर ठेवत म्हणाले. "परत वाजवायला आलो त्या पयल्या दिवशीच. सगळ्या बँडाला ठाऊक हाय."